जिन्यातलं नवं बटण

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे आजचा गोंधळ तुम्हाला पहिल्यापासून सांगावा लागेल. तुमची नात जर्मनीत शिकते आहे. तिथे तिचं कुणाशी फारसं जमत नव्हतं, फोनवर आवाज नुसता पडलेला असायचा. आज होळीच्या निमित्ताने तिने पहिल्यांदाच वर्गातल्या तिघींना जेवायला बोलावलं, तेही पुरणपोळीला. जन्मात कधी साधी पोळी लाटलेली नाही! मी इथून व्हिडिओवर हात दाखवायचे आणि तिने तिथे तसं करायचं, असं ठरलं होतं. आणि सकाळपासून नेट बंद. राउटर नावाची जी डबी असते, तिच्यावर लाल दिवा. आमच्या स्वयंपाकघरात मोबाईलला रेंज नाही, म्हणजे डबी चालली तरच पोळी होणार.

तुमच्या जावयांनी ती बंद करून चालू केली, वायरी काढून परत लावल्या, फुंकर मारली, शेवटी आपल्या जुन्या टीव्हीला मारायचे तशी एक चापटही मारली. कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघता का?" हे म्हणाले, "अहो, सकाळपासून आम्ही दुसरं काय करतोय?" मधूनच गॅलरीत जाऊन ते लेकीचे मेसेज वाचून यायचे. पुरण सैल झालंय. आई कुठे आहे. मी पाव आणू का. पाव हे ऐकून माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात वरचा आयटीवाला मुलगा खाली आला. "काकू, तुमचंही नेट गेलंय? माझी मीटिंग पार बोंबलली." मग सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. तिथल्या पेटीतून सगळ्यांकडे नेट जातं, आणि त्या पेटीत एकही दिवा नाही. खालच्या बोर्डावर, जिन्याच्या दिव्यांच्या बटणांखाली, कालच तिच्यासाठी एक नवं बटण बसवलं होतं. ते बंद. "कोण एवढं काटकसरी निघालं?" समोरचे आजोबा म्हणाले. मी माझा हात हळूच पाठीमागे घेतला.

बाबा, सकाळी दूध घेऊन येताना लख्ख उन्हात जिन्यातले दिवे जळत होते. मी काय केलं असेल? तुम्ही करायचात तेच. आठवतंय? तुम्ही बाहेर निघताय. पायात चपला, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हाताचा तळवा बोर्डावरून वरून खाली फिरतोय, सगळी बटणं एका दमात. "पंखा काय भिंतीला वारा घालतोय?" लग्नानंतर हे पहिल्यांदा आपल्याकडे आले, तर न्हाणीघरात अंगाला साबण लावलेला असताना तुम्ही दिवा घालवलात. बिचाऱ्यांनी अंधारातच अंघोळ उरकली. त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले होते!

वरच्या मुलाने बटण दाबलं, आणि पडद्यावर नाकाला कणीक लागलेली लेक अवतरली. पहिली पोळी फुटली, दुसरी फाटली, तिसरी अशी फुगली की आम्ही दोघी दोन देशांत एकदम ओरडलो. त्या तिघींनी तूप मागून मागून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ती पोट धरून हसली. मला फार बरं वाटलं, बाबा, इतकं की रडूच आलं. मग फोन हातात घेऊन ती मला खोली दाखवायला निघाली. बोलता बोलता तिचा तळवा पॅसेजमधल्या बोर्डावरून वरून खाली फिरला, आणि बाथरूममधून एक मैत्रीण जर्मनमध्ये किंचाळली.

आम्ही तिघंही हसत सुटलो, हे तर सगळ्यात जास्त. ते बटण कुणी बंद केलं, हे मात्र बिल्डिंगमध्ये अजून कुणाला कळलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही समोरच्या आजोबांना सांगायला जाणार नाही.