शेवटची जुनी बॅच

ब्रॅकनेल,
२ मार्च २०२५

आदरणीय द्रौपदीआत्यांस,
स. ज. भी. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि लाल पेनाने तपासलेलं माझं मागचं पत्रही सोबत परत मिळालं. मी नऊ वर्षांची असताना नॉटिंगहॅमला आले, तेव्हापासून तुम्ही जालन्याहून माझी पत्रं तपासताय. आता तुम्ही तुमच्या मुलाकडे, धम्मदीपदादाकडे, साउथहॅम्प्टनला राहायला आलात, मी सव्वीस वर्षांची झाले, तरी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचं आणि खरं काय ते पत्रात लिहायचं हा तुमचा नियम काही सुटलेला नाही. तर खरं काय ते लिहिते.

मला नोकरी सोडायची आहे. बँकांची ॲप्स टेस्ट करून करून गेल्या वर्षी माझी मान इतकी आखडली होती की रस्ता क्रॉस करताना मी अख्खी वळायचे. फिजिओची वेटिंग लिस्ट लांबलचक, म्हणून ऑफिसातली तनिषा मला एका ऑस्टिओपॅथकडे घेऊन गेली. ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे आणि स्नायूंचं दुखणं हाताने तपासून हातानेच उपचार करणारे लोक. इथे त्याची डिग्री असते, कायद्याने रजिस्ट्रेशन असतं, पण ते डॉक्टर नसतात. त्या बाईंनी माझ्या मानेला हात लावला आणि मान सोडून भलतीकडेच, बरगड्यांपाशी येऊन थांबल्या. दुखण्याचं मूळ तिथेच होतं. मान सुटली, पण त्यांचे हात काही माझ्या डोक्यातून जाईनात. शेवटी लंडनजवळच्या एका कॉलेजात मी अर्ज केलाय.

पप्पांना जेवताना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, याला पुरावा काय एवढंच विचारलं आणि उठून भांडी घासायला लागले. आईने मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. आमच्या घरातलं भांडण असंच असतं, तुम्हाला माहीत आहे. आत्या, पप्पांना दुखवून मी आजवर शाळेच्या ट्रिपलाही गेलेली नाही. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण आहात. काहीतरी करा.

दादाला जय भीम सांगा. लोभ आहेच, लाल शाई थोडी कमी केलीत तर तो वाढेलही.

तुमची,
रूपाली


साउथहॅम्प्टन,
११ मार्च २०२५

चि. रूपालीस,
जय भीम आणि अनेक मंगल कामना.

आधी एक गोष्ट. दुनियेतल्या बाकी सगळ्या शब्दांची तू काटछाट कर, जय भीम मात्र पूर्ण लिहायचा. त्याने तुझी शाई संपणार नाही.

पत्र वाचून आनंद झाला, आणि त्या आनंदात माझ्या हातून एक घोटाळा झाला. रविवारी वंदना झाल्यावर चहा घेताना मी आपल्या मंडळाच्या रश्मीताईंना तुझ्या अर्जाचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत जयंतीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठरलासुद्धा. अजून प्रवेश मिळालेला नाही असं मी सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या की शाल आणून झालेली आहे. तेव्हा आता तुला प्रवेश मिळवणं भाग आहे. आणखी एक, ज्यांच्याशी मी बोलले त्या प्रत्येकाला गुडघे आहेत. तयारीने ये.

प्रमोदचं म्हणशील तर तो लहानपणापासून हट्टी. मी जालन्याला हॉस्टेलवर शिकत असताना गावी आमच्या वडिलांचा, आबांचा, हात मोडला. सुट्टीत घरी गेले तर हात जुळलेला, पण कोपरापाशी वाकडा, आणि आठ वर्षांचा तुझा बाप भेटेल त्याला सांगत होता की मी डॉक्टर होणार. का, ते विचारलं की गप्प. आबांचा तो हात तुला आठवत असेल. त्यावर छत्री अडकवून ते स्वतःचंच नाव घेऊन म्हणायचे की कडूबा आपली खुंटी बरोबर घेऊनच फिरतो. पण प्रमोदच्या डोक्यात त्या दिवसापासून डॉक्टर सोडून दुसरं काही शिरलेलं नाही. माझं तो ऐकेल असं समजू नकोस. तरी बोलून बघते.

जेवणाची आबाळ करू नकोस. सँडविचला मी जेवण मानत नाही.

तुझी,
आत्या


ब्रॅकनेल,
३० मार्च २०२५

आदरणीय आत्यांस,
सप्रेम जय भीम. (पूर्ण लिहिला.)

मला जागा मिळाली. निवडीच्या दिवशी आम्हाला जोड्या करून एकमेकांच्या पाठीला हात लावायला सांगितलं. माझ्या वाट्याला वेद नावाचा लेस्टरचा मुलगा आला. त्याच्या पाठीवर हात ठेवणं सोपं होतं. त्याने माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मात्र मी दचकले. शिकवणाऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि नंतर हसून विचारलं की तुमच्या घरी कोणी कोणाला जवळ घेत नाही का. मी विचार करून सांगितलं की आम्ही हात जोडतो. पप्पांनी मला शेवटचं कधी जवळ घेतलं ते मला आठवत नाही, आत्या. एअरपोर्टवरही ते माझी बॅग उचलतात.

पण आता एक पेच आहे. कॉलेज सगळा अभ्यासक्रम बदलतंय. या सप्टेंबरला जाणारी बॅच जुन्या पद्धतीची शेवटची. त्यात पहिल्या आठवड्यापासून हात लावायला शिकवतात, आधी एकमेकांना, मग कॉलेजच्याच क्लिनिकमधल्या पेशंटना. पुढच्या वर्षीपासून कोर्स एक वर्षाने वाढणार. पहिलं वर्ष सगळं विज्ञान आणि संशोधन, बरंचसं ऑनलाइन, आणि हात लावायचा तो प्लॅस्टिकच्या मॉडेलला. माणसाला हात दुसऱ्या वर्षी. पण नंतर हॉस्पिटलमध्ये फिजिओंबरोबर काम मिळेल, जे जुन्यात नाही. मी यंदा जाऊ शकते किंवा जागा पुढच्या वर्षावर टाकू शकते. तीस एप्रिलपर्यंत कळवायचंय.

पप्पांना नवा कोर्स पसंत पडला. नुसता पसंत नाही, त्यांनी पूर्ण माहितीपत्रक वाचून मार्करने रेघा मारल्या. एक वर्ष थांब, मग मी स्वतः तुला सोडायला येईन, असं ते म्हणाले. आईला तर रडूच आलं. मीही खूश व्हायला हवं होतं. नव्यात खोट काढायला जागाही नाही, जुन्यात संशोधन फारच थोडं आहे हे तिथले शिक्षकच कबूल करतात. पण मी गेले होते ते त्या हातांसाठी. मन जुन्याकडे ओढतं आणि पप्पांचा होकार नव्याला आहे. दोन्ही मला हवंय.

गुडघ्यांसाठी तयारीने येतेय. तुमचा आशीर्वाद असू द्या, पत्र तपासताना जरा दयाही असू द्या.

तुमची,
रूपाली


साउथहॅम्प्टन,
२१ एप्रिल २०२५

चि. प्रमोदस,
जय भीम आणि मंगल कामना.

परवा शनिवारी जयंतीच्या कार्यक्रमाला तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. रश्मीताईंनी माइकवरून रूपालीला हाडांची सर्जन करून टाकलं, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरीने मात्र शांतपणे माइक घेतला आणि आपण सर्जन होणार नाही, डॉक्टरही होणार नाही, काय होणार ते सरळ मराठीत सांगितलं. तरी जेवणानंतर तिच्यापुढे नऊवारीतल्या आणि सुटातल्या गुडघ्यांची रांग लागली. तिने एकालाही हात लावला नाही. अजून शिकलेली नाही म्हणाली. मला अभिमान वाटला, तुलाही वाटला, फक्त तू तो प्लेटमधल्या जिलबीकडे बघत वाटून घेतलास.

आता माझं ऐक. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना तू डावा हात वर नेला नाहीस. रूपालीची शाल उचलायला वाकलास तेव्हा ओठ चावलास. कधीपासून दुखतोय खांदा? हॉस्पिटलात अख्खा जन्म काढलास आणि घरात कुणाला पत्ता नाही.

रूपालीने तुझ्यासाठी थांबायचं ठरवल्यात जमा आहे. नवा अभ्यासक्रम चांगला असेल, त्यातलं मला काही कळत नाही. पण ती तुझं मन राखायला निघाली आहे, आणि मन राखून घेतलेलं शिक्षण पुढे बोचत राहतं, हे मी मास्तरीण म्हणून पुष्कळ पाहिलंय. तुला खरंच काय वाटतं ते तिला एकदा लिही. ईमेल नको. हाताने लिही, उजवा अजून वर जातो ना.

तुम्हा नवराबायकोला, तुला आणि सीमाला, आशीर्वाद.

तुझी,
अक्का


नॉटिंगहॅम,
२३ एप्रिल २०२५

चि. रूपालीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

अक्काने मला पत्र लिहायला बसवलंय. मला सवय नाही, तुझ्याइतक्याच चुका होतील. तपासणीला तिच्याकडे पाठवू नकोस.

तुला आबांचा वाकडा हात आठवतो. झाडावरून पडले एवढंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो. पुढचं अक्कालाही माहीत नाही, कारण त्या दिवशी घरात आई आणि मी होतो. गावात हाड बसवणारा एकच वैद्य होता. आम्ही आबांना घेऊन गेलो. तो आपल्या ओट्यावर बसला, आम्हाला अंगणात उभं केलं. तो वाईट माणूस नव्हता, मला त्याने गूळ दिला, वरून टाकला. पण आपल्या माणसाला हात लावणार नव्हता. त्याने काठीने दुरून दाखवलं आणि माझ्या आईला सांगितलं, इथे धर, असं ओढ, आता आत फिरव, अजून जोर लाव. आईने कधी मोडलेलं हाड हातात धरलेलं नव्हतं. आबा ओरडले की ती हात सोडायची. मग त्याने बांबूच्या कामट्या आणि फडकं अंगणात टाकलं.

पुढे मेडिकलला असताना मी त्याचं सांगणं पुस्तकाशी ताडून पाहिलं. त्याने सांगितलेलं एकूण एक बरोबर होतं. फक्त त्याला हाताखालचं हाड कळत नव्हतं, कारण हाताखाली हाड नव्हतंच. माझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली की तिच्याच हातून वाकडा बसला. मी डॉक्टर झालो तो त्या अंगणातून.

म्हणून मला पुरावा लागतो, हॉस्पिटल लागतं, डिग्री लागते. नव्या कोर्समध्ये ते सगळं दिसलं आणि मी खूश झालो. अक्काचं पत्र आल्यावर माहितीपत्रक पुन्हा काढलं. मी रेघा मारलेल्या पानांच्या मध्ये पहिल्या वर्षाचं पान आहे, त्यावर एकही रेघ नाही. वर्षभर सगळं बरोबर शिकवणार आणि माणसाला हात लावू देणार नाहीत. हे मला कसं चाललं, याचं नवल वाटतं.

ऑस्टिओपॅथीबद्दलच्या माझ्या शंका कायम आहेत, भेटल्यावर त्या सगळ्या सांगीन. संशोधन तुला नंतरही शिकता येईल, त्याला मी मदत करीन. पण शिकायचंच असेल तर यंदाच जा. मी सोडायला येईन, बॅगही उचलीन. मात्र एकाच हाताने, कारण डावा खांदा डिसेंबरपासून धरलाय. मी कुणाला सांगितलं नाही. एका सहकाऱ्याने स्कॅन बघून व्यायामाचा व्हिडिओ पाठवला, तो चांगला आहे.

रविवारी घरी ये.

तुझा,
पप्पा


ब्रॅकनेल,
२८ एप्रिल २०२५

आदरणीय आत्यांस,
सप्रेम जय भीम.

सोबत पप्पांचं पत्र पाठवतेय. तपासायला पाठवू नकोस असं त्यांनी लिहिलंय, म्हणून लाल पेन लांब ठेवा आणि नुसतं वाचा. आबांबद्दलचं तुम्हालाही ठाऊक नव्हतं, ते त्यांच्याच अक्षरात वाचलेलं बरं. वाचताना एकट्या बसू नका, दादाला जवळ बसवा.

काल नॉटिंगहॅमला गेले. आईने भरीत केलं होतं. जेवताना त्यांनी ऑस्टिओपॅथीवरच्या शंका नंबर घालून सांगितल्या, मी दोन मान्य केल्या आणि बाकीच्यांवर भांडले. भांडी घासायला कुणीही उठलं नाही. आज सकाळी मी कॉलेजला कळवून टाकलं की सप्टेंबरला येतेय, शेवटच्या जुन्या बॅचला.

जेवणानंतर ते किचनमधल्या खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून बसले आणि खांदा बघ म्हणाले. मी म्हणाले की मला अजून काहीच येत नाही, मी काही ओढणार नाही, फिरवणार नाही. ते बसूनच राहिले. मग मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधी ते दचकले, अगदी मी दचकले होते तसेच, आणि मग हळूहळू खांदा खाली आला. काय कळतंय, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की गरम लागतंय, बाकी काही कळत नाही. त्यावर पप्पा म्हणाले की मग हात काढू नकोस.

तुमचा लोभ असाच माझ्या पाठीवर असू द्या.

तुमची,
रूपाली