अंबूची बैलगाडी

डोंबिवली,
११ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

जाड स्केचपेनने लिहितेय, तरी भिंग घेऊनच बस. फोनवर मी नुसती हं हं करते म्हणून पत्र लिही, असं तूच म्हणालीस. तर ऐक, तुझ्यामुळे वर्गात माझं पार हसं झालंय.

दहावीला आम्हाला एक अख्खी जुनी कादंबरी वाचायला लावलीय, तीच तुझी अंबूची. तू भरवताना इतक्या वेळा सांगितलेली, म्हणून मी पुस्तक उघडलंच नाही. तोंडी परीक्षेत ठोकून दिलं की अंबू शिकायला शहरात निघते, पण नदीच्या वळणावर गाडीवानाला बैल फिरवायला सांगते, घरी येते आणि सासू तिला पोटाशी धरते. मॅडमनी विचारलं, बाई, तू कोणतं पुस्तक वाचलंस?

रागारागाने घरी येऊन वाचायला घेतलं. सुरुवातीची पानं जड गेली, आणि मग ते हातातून सुटेचना! आईने जेवायला हाका मारल्या, शेवटी ओरडली. अंबू सासूच्या नकळत ओल्या पापडावर काडीने आपलं नाव कोरते आणि तोच पापड तळून सासऱ्यांच्या पानात येतो, तिथे तर मी एकटीच हसत सुटले.

शेवट मात्र तू सांगतेस तसा नाही. कसा आहे ते मी सांगणार नाही. मोतीबिंदू काढ आणि स्वतः वाच. डॉक्टरांनी आता उशीर नको म्हणून बजावलंय, आणि तू दर वेळी कुठला तरी सण पुढे करतेस. मला भीती वाटते गं.

रागवू नकोस, आणि असाच जीव लावत राहा.
तुझी क्षिप्रा

ठाणे,
१८ ऑगस्ट २०२४

चि. क्षिप्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळी वर-खाली गेल्यात, सांभाळून घे. शहाणे, मला शेवट शिकवतेस? मी शाळेत वाचलंय ते पुस्तक. म्हणजे जवळजवळ सगळं. मॅट्रिकला लग्न ठरलं, शाळा सुटली, पुस्तक परत द्यावं लागलं आणि थोडी पानं राहिली. पण त्या काळातली बाई घरी परत येणार नाही तर जाणार कुठे? तुझ्या बाबाला तसंच सांगत आले, आणि पुढे मलाच ते वाचल्यासारखं वाटायला लागलं.

डोळ्याला काही लावणार म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. शेजारच्या विमलाबाई म्हणतात, काही कळतसुद्धा नाही. त्यांचं काय जातंय! गणपती होऊ देत, मग बघू. एवढंच सांग, सासू तिला पोटाशी धरते ना?

माझा लोभ आहेच, तो शेवट सांगून आणखी वाढव.
तुझी आजी

डोंबिवली,
२२ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

नाही सांगणार. पुस्तक सोबत पाठवतेय, पण आजोबांनाही ते वाचून दाखवायची बंदी घातलीय. गणपतीनंतर नाही, आधीच. या वर्षी मूर्ती तुला नीट दिसायला हवी. ऑपरेशनच्या दिवशी मी शाळा बुडवून तुझा हात धरून बसेन.

कळावे, आणि या वेळी ऐकावे.
तुझी क्षिप्रा

ठाणे,
२२ सप्टेंबर २०२४

चि. क्षिप्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बघ, ओळी सरळ आल्यात. त्या दिवशी आत नेताना तुझा हात सोडवत नव्हता. आता उजव्या डोळ्याने समोरच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा ओळखते.

काल डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली. आजोबांना चहा स्वतःच करायला सांगितला आणि पुस्तक घेऊन बसले. नदीचं वळण आलं. आता गाडी फिरेल, आता फिरेल, असं म्हणत राहिले. अंबूने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आधी मला तिचा रागच आला, मग रडू आलं. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून तशीच बसून राहिले.

मला खूप शिकायचं होतं गं. संसार छान झाला, तक्रार नाही. पण अंबू आपणहून परतली असं म्हटलं की मला बरं वाटायचं, म्हणून इतकी वर्षं मी तिला घरी आणत राहिले. ती गेली याचा आता फार आनंद झालाय.

डावा डोळा पुढच्या महिन्यात, तारीख मीच घेतली. तुमचं दुसरं पुस्तक असेल तर पाठव. शेवट मात्र सांगू नकोस.

आजीवर अशीच दादागिरी करत राहा.
तुझी आजी

ता. क. पापडावर नाव खरंच कोरता येतं. माझ्या नावाचा तळला, तो आजोबांनी न बघताच खाल्ला. तुझ्या नावाचा डब्यात जपून ठेवलाय.