दुपारच्या खुणा

कांचन,

हूटगळ्ळीच्या सोलरवाल्याला आज येऊ नका म्हणून कळवलं आहे. त्याचा फोन आला तर सांग, पॅनलची जागा पुन्हा ठरवायची आहे.

याला कारण मी आहे. रविवारी तू परीक्षेच्या ड्युटीवर जाताना गच्चीवर दर तासाला खडूने सावलीची कड आखायला सांगितली होतीस. मी बारापर्यंत आखली आणि खाली येऊन झोपलो. दुपारच्या खुणा संध्याकाळी अंदाजाने काढल्या. त्या धरून तू चार पॅनलच्या जागा ठरवल्यास. काल मी वर जाऊन पाहिलं, तीननंतर शेजारच्या कमलाक्षीअज्जींच्या नारळाची सावली त्यातल्या दोन जागांवर पडते.

याहून वाईट पुढचं आहे. तुला हे सांगायचं सोडून मी अज्जींकडे गेलो आणि म्हणालो, "कांचनची इच्छा आहे, झाड काढता येईल का?" स्वतःचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. त्या क्षणभर झाडाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कांचन म्हणते तर काढूया की. ती काय परकी?"

आज सकाळी सात वाजता झाड तोडणारा येतोय. त्याच्या आधी त्यांना खरं सांगायला निघालो आहे. तुला उठवून समोरासमोर सांगायला हवं होतं, तेही जमलं नाही.

झाड वाचेल. पण तू शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडे डोकावून जा. तू ते मागितलं नव्हतंस, हे त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचं असेल.

देवेश