उपाशीपोटीचा आकडा

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

इतके महिने फोन नाही, पत्र नाही, माफ कर. रागावलो होतो, असं आधी लिहिलं आणि खोडलं. राग आठवड्यातच ओसरला होता. पुढे उरली ती नुसती लाज.

आपला सकाळचा खेळ मीच मोडला. चहाआधी दोघांनी बोट टोचायचं, फोनवर साखर सांगायची आणि ज्याचा आकडा जास्त त्याने बोलणी खायची. ‘काय हो साखर कारखाना, आज गाळप जोरात दिसतंय!’ हे तुझं ठरलेलं. मग माझा आकडा रोज चढायला लागला आणि एके दिवशी तू न हसता विचारलंस, ‘खरं सांग, लपूनछपून काय खातोस?’ काही नाही म्हटलं, तर म्हणालीस, ‘आकडा खोटं बोलत नाही रे.’ मी फोन ठेवला, तो ठेवलाच.

मी खरंच काही खात नव्हतो. शेवटी स्वतःचाच संशय येऊ लागला. चहाचा डबा बदलला, साखर मोजायच्या यंत्राच्या नव्या पट्ट्या आणल्या, बोटं दोनदा धुऊ लागलो. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, पण घरातली ही एक सापडेना. तुला सांगितलं नव्हतं ते एवढंच, की तुझी भावजय तेव्हा घर सोडून गेली होती. कपाटाची तिची बाजू अजून मोकळीच आहे; माझे सदरे दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने लटकतात. तिच्या वकिलाचं पाकीट आलं त्या संध्याकाळी पोटात अन्नाचा कण नव्हता, तरी आकडा नेहमीपेक्षा वर. तेव्हा कुठे डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भीती वाटली, धक्का बसला की शरीर झुंजायच्या तयारीला लागतं, साठवलेली साखर रक्तात सोडतं. आपण मात्र खुर्चीतच बसलेले असतो. औषध थोडं वाढवलं आणि विचारलं, बोलायला कोणी आहे का? म्हटलं, बहीण आहे. बाहेर पडल्यावर वाटलं, हे खोटं तर नाही ना सांगितलं?

परवा भावोजींचा फोन आला. तुझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वाढलेल्या साखरेपायी पुन्हा पुढे ढकलली म्हणाले. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून तू शिवणयंत्रावर चादर टाकलीस. घरात जो तो विचारतो, काय खाल्लंस? आणि तू गोळी घेऊन जेवण टाळतेस. जिन्यात चक्कर येऊन बसलीस. ताई, असं करू नकोस. गोळी घेऊन उपाशी राहणं जिवावर बेतेल. डॉक्टरांना हे सांग, आणि शस्त्रक्रियेची भीती वाटते हेही सांग. लहानपणी डॉक्टर मला इंजेक्शन देताना माझा हात धरायचीस तू आणि डोळेही तूच घट्ट मिटायचीस. हे भावोजींना कुठून ठाऊक असणार? पथ्य सोड असं म्हणत नाही. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की तू चोरून काही खाल्लेलं नाहीस, हे तुझ्या बाजूने म्हणणारं कोणीतरी असावं. पुढच्या तपासणीला मी तुझ्याबरोबर आत येईन.

तुझाच,
धाकटा

उद्या : छापखान्यात रजेचा अर्ज देणे.