साहेबांचं माणूस

६ ऑक्टोबर, सोमवार

कपडे बदलायच्या खोलीत शिरले आणि सगळ्या गप्प झाल्या. आजही.

ग्रासिएत तेवढी बोलली. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून तारली माशांची डोकी उडवतेय, ती कशाला कुणाला भिईल! म्हणाली, "या, साहेबांचं माणूस आलं. कॉफी गोड होती का?"

कॉफी प्यायले, खरं आहे. कारखाना सांभाळणाऱ्या इंजिनिअर वाल्देमार साहेबांच्या खोलीत, मऊ खुर्चीवर बसून. युनियनची प्रमुख मी, साहेब बोलावतात तर काय दारात उभी राहू? पण हातांना मासळीचा वास येत होता म्हणून ते टेबलाखाली लपवले. त्याचीही लाज वाटली.

करार आम्हा दोघांचा होता. उन्हाळ्यात बायकांनी शनिवारीही यायचं, मासळीचे डबे भरायचे. त्या बदल्यात हिवाळ्यात तारलीची मासेमारी बंद झाली तरी एकाही बाईला घरी बसवायचं नाही. बायकांना मी पटवलं. ग्रासिएत तर नातीच्या बाप्तिस्म्यालाही गेली नाही. आणि आता कुजबूज आहे, म्हाताऱ्या बायकांना काढणार.

साहेबांना सरळ विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. "शुक्रवारपर्यंत थांबा, देओलिंदाबाई. आत्ता काही सांगता येत नाही."

हे बायकांना कुठल्या तोंडाने सांगू?

८ ऑक्टोबर

ग्रासिएतने आज माझ्या डब्यातला पाव घेतला नाही.

९ ऑक्टोबर

साहेब दुपारी नेहमीसारखे सूप घ्यायला आमच्यात येऊन बसले. ग्रासिएत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, विचार की तुझ्या साहेबाला. साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी बाकावर चढले. कशी चढले कोण जाणे. म्हणाले, "आमचा उन्हाळा घेतलात. हिवाळा द्यायची वेळ आली तर तोंड लपवताय. तुम्ही खोटारडे आहात, साहेब."

त्यांनी चमचा खाली ठेवला. कान लाल झाले होते. सूप तसंच टाकून उठून गेले.

बायकांनी ताटल्या बडवल्या. ग्रासिएतने दोन्ही गालांचे मुके घेतले — "आता आमची झालीस!"

इथे तरी खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१० ऑक्टोबर

फळ्यावर कागद लागला. एकीलाही काढणार नाहीत! हिवाळाभर तारलीऐवजी कुपा माशाचे डबे भरायचे. "तू बोललीस म्हणून झालं," सगळ्यांच्या तोंडी तेच. मलाही तसंच वाटलं.

१३ ऑक्टोबर

ऑफिसातल्या इदालिनाने जिन्यात गाठलं. साहेब गेल्या मंगळवारीच लिस्बनला जाऊन मालकांना राजी करून आले होते. मालकांची एकच अट — शुक्रवारी आम्ही जाहीर करू, तोवर तोंड उघडायचं नाही. साहेबांनी तसा शब्द दिला होता.

म्हणजे मी बाकावर उभी राहून ओरडत होते तेव्हा आमचा हिवाळा त्यांनी आधीच मिळवलेला होता. आणि ते ऐकून घेत बसले.

खाली आले तर बायका शनिवारची मेजवानी ठरवत होत्या. माझ्या मानाची. सांगायला तोंड उघडलं. मग म्हटलं, वाईन मी आणते.

१८ ऑक्टोबर

कोळशावर मासे भाजले. मला मधोमध बसवलं. ग्रासिएतने पेला उचलला — "खोटारड्याला खरं बोलायला लावणारीसाठी!" मीही पेला उचलला. प्यायले.

२० ऑक्टोबर

साहेब चालले. मालक म्हणाले म्हणे, ज्याला साऱ्या कारखान्यासमोर बायका खोटारडा म्हणतात, त्याच्या हातून युनियन काय सांभाळली जाणार? शुक्रवार शेवटचा दिवस.

वर गेले. बसले नाही. म्हटलं, मला सगळं कळलंय, मी बायकांना सांगते.

"नका सांगू," ते म्हणाले. "माझ्या जागी येणारा कसा असेल, ठाऊक नाही. त्याच्यासमोर उभ्या राहाल तेव्हा या बायका तुमच्या पाठीशी हव्यात." मग म्हणाले — "लागलं मला, देओलिंदाबाई. लागलं नाही असं नाही म्हणणार."

मला मान वर करता आली नाही. आणि मनात काय आलं? की बरं झालं, आता गप्प राहायला परवानगी मिळाली! ती परवानगी घेऊन खाली आले.

२१ ऑक्टोबर

गप्प राहिले. त्यांच्या सांगण्यावरून, असं स्वतःला बजावलं. पटलं नाही.

२२ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं. मंगळवारचं, शब्दाचं, मेजवानीत गप्प बसल्याचं — सगळं. कुणी माझ्याकडे बघेना.

ग्रासिएतने हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. "साहेब परत येईपर्यंत एकही डबा भरायचा नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून — "तुझं नंतर बघू."

बोट धक्क्याला लागलीय. मासळीला कुणी हात लावलेला नाही.