चुकलेलं उत्तर फळ्यावर

सर, तुम्ही गेल्याचं मला वर्षभराने कळलं, तेही अंबरनाथला कंपनीच्या गेटवर भेटलेल्या एका वर्गमित्राकडून. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमच्याशी बोलायचं राहिलं ते त्या साइटबद्दल.

आपल्या उल्हासनगरच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे कुलपातली वस्तू. तुम्ही खटपट करून सेकंड इयरच्या गणितासाठी साइट उभी केलीत. नियम एकच : प्रश्न कुणीही टाकायचा, उत्तर आधी पोरांनीच द्यायचं, तुम्ही शेवटी. मी कॅम्प पाचच्या सायबर कॅफेत बसून उत्तरं देतोय, फक्त वर्गातल्या एका मुलीच्या, तिच्याच प्रश्नांना. बाकीच्यांचे मला दिसतच नाहीत. तुम्ही व्हरांड्यात अडवता, "काय रे, बाकीची पोरं काय पाप करून आलीत?" मी लाजतो, पण सुधारत नाही.

मग ते इंटिग्रेशन आलं. माझं उत्तर तिने टेस्टमध्ये जसंच्या तसं उतरवलं आणि आपटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच फळ्यावर लिहिलंत, माझं नाव न घेता. पण साइटवर त्याखाली तिचं "थँक्यू सो मच" सगळ्यांनी वाचलेलं. मागून आवाज आला, "भाऊ, वहिनीला डुबवलंस की!" अख्खा वर्ग हसला. तीही हसली. माझं डोकं सटकलं. "सर, तुमच्या साइटपायी माझी इज्जत गेली!" तुम्ही डस्टर खाली ठेवलंत. "अरे, बरोबर उत्तराचं काय करू, आरती ओवाळू? चुकतं तिथूनच शिकवता येतं. बस खाली." मी बसलो नाही. बॅग उचलली ती उचललीच, परत वर्गात आलो नाही.

महिन्याभराने कुळगावच्या एका कॅफेत लॉगिन केलं, तिने काही लिहिलंय का बघायला. वाटलं होतं, तुम्ही साइटवरून माझं नाव काढून टाकलं असेल. नव्हतं काढलं. त्या उत्तराखाली तुम्ही लिहिलेलं, "दुसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे. तिसरी अशी का घेतलीस?" मी काहीच न लिहिता उठलो. पुढे तिचं लग्न झालं, तुम्ही गेलात, साइटही बंद पडली.

आता नोकरी सांभाळून, बाहेरून, पुन्हा सेकंड इयर करतोय. या वेळी सुटलं तर परत हिंमत होणार नाही, हे मला माहीत आहे. आई रोज बजावते, "डोकं थंड ठेव रे बाबा." इथेही ऑनलाइन सराव असतो, तुमच्या साइटपेक्षा कितीतरी चकाचक. उत्तर टाकलं की लगेच मार्क.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून सांगायला हरकत नाही. काल एक उत्तर मुद्दाम चुकीचं टाकलं. लाल फुली आली, खाली बरोबर उत्तर आलं. कुणी काही विचारलं नाही. तरी आई चहाला हाक मारेपर्यंत मी ते पान उघडं ठेवून बसलो होतो.