शहात्तर ठोके

सोमवार, ३ फेब्रुवारी
पोचले एकदाची इंदापूरला. कन्हेरीहून निघताना आईनं पिशवीत इतक्या चपात्या कोंबल्या, जणू मी नर्सिंगच्या सहा आठवड्यांच्या प्लेसमेंटला नाही, दुष्काळातच निघाले होते. दवाखान्यामागची खोली लहान पण हवेशीर आहे. सोबतीला माझ्याच कॉलेजची, एक वर्ष मागची इरा. वॉर्डात दहा कॉट. इनचार्ज ज्योत्स्ना सिस्टरांचा एकच नियम: पेशंटचं मनगट हातात, घड्याळ समोर, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, मगच तक्त्यात आकडा लिहायचा. रोज संध्याकाळी त्या आमच्या वहीत लाल शाईनं शेरा देणार. लाल शाईची मला शाळेपासून सवय आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आजचा शेरा: 'बोलणे जास्त, हात धुणे कमी.' राग आला, पण खोटं कसं म्हणू? सात नंबरच्या कॉटवर शेळगावचे धोंडीबा आबा आहेत, छातीत कफ झालाय. नाडी मोजताना गप्प म्हणून बसत नाहीत. आज म्हणाले, लेकी, नीट मोज, तू लिवशील तेवढंच माझं हाय. मी हसले. ते मात्र हसले नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी
वॉर्डातला ताप मलाही चिकटला. अंग नुसतं मोडून आलंय. सुट्टी घेतली तर हजेरी भरत नाही, प्लेसमेंट पहिल्यापासून, परीक्षा सहा महिने पुढे. बाबांना काय तोंड दाखवू? गोळी घेतली आणि ड्युटीला उभी राहिले.

दुपारी आबांच्या कॉटपर्यंत जायचंही त्राण नव्हतं. टेबलाशी बसूनच त्यांचा तक्ता भरला. नाडी शहात्तर. पेन हातात आहेच तर बुधवार दुपारपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकले, सगळीकडे शहात्तर. आमच्या आधीच्या मुलीही हेच करायच्या. इरा बघत होती, तिलाही युक्ती शिकवली.

संध्याकाळचा शेरा: 'सुधारणा आहे. नोंदी नियमित.' लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
मन खात होतं, म्हणून आज आबांची नाडी खरीच मोजली. शहात्तर. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर मोजली. शहात्तर. झोपेत मोजली. तेवढीच. हात गार, चहा तसाच पडलेला. जागे झाल्यावर एवढंच म्हणाले, फुडचं लिवलंस का?

सिस्टरांना सांगायचं म्हणजे आधी खोटी नोंद कबूल करायची. मग प्लेसमेंट गेलंच. गप्प बसले. माझाच ताप डोक्यात चढला असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी
संध्याकाळी सहाचा रकाना कोरा होता. आता तरी खरं लिहू, म्हणून आबांचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत राहिले. पूर्ण एक मिनिट. काहीच लागलं नाही. मान वर केली तर आबा माझ्याकडेच बघत होते. मग डोळे तसेच राहिले.

डॉक्टरांनी अंगाला हात लावला आणि विचारलं, यांना शेवटचं तपासलं कुणी? हा माणूस परवाच गेलाय, म्हणाले. तक्त्यावर सगळीकडे माझी सही. सिस्टरांनी तक्ता काढून घेतला, म्हणाल्या, सकाळी बोलू.

वहीत आज शेरा नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
वॉर्डातच चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तर सात नंबरच्या कॉटवर. दुसरी रिकामी नव्हती म्हणे. ताप एकशे चार. माझा तक्ता इराकडे दिलाय. डोळे मिटले की आबांचे दिसतात.

शुक्रवार, १४
ताप उतरला. एकदम. भूक नाही, तहान नाही. हात गार.
नाडी मोजली. शहात्तर. उठून बसले, पुन्हा मोजली —
इराला तक्ता मागितला. ती लाजत म्हणाली, प्रगतीताई, तू शिकवलंस तसं कालच भरून टाकलं, उद्या दुपारपर्यंतचं.
कालच.

शनिवार, १५. दुपार
सिस्टरांना सगळं सांगितलं. आबांचंही. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मग तक्ता पाहिला. इराला सगळ्यांसमोर सुनावलं — न मोजता एक जरी आकडा लिहिला तर प्लेसमेंट रद्द.
इरा रडली.
तिला म्हटलं, लिही. उद्याचं, परवाचं, काहीही. नुसती नाही म्हणून मान हलवते. परीक्षेची भीती — मला माहीत आहे ती —
तक्ता सिस्टरांच्या टेबलावर. दहा पावलं. पाय उचलत नाहीत

सहा
इरा आली. हात धुतले. घड्याळ काढलं.
डावं मनगट तिच्या हातात. उजव्यानं लिहितेय. ती मोजतेय — ओठ हलत नाहीत —
इरा, नको मोजू. शहात्तर लिही. शहात्तर, शहा